तशाही जाग्याच असता

आमच्या गल्लीत कुणी गजर लावत नसे. महानंदाक्का होत्या.

लातूरबाहेरच्या माणसाला हे जरा उलगडून सांगावं लागतं. आमच्याकडे नळ रोज येत नाही. आठवड्याला एकदा आला तरी लोक समाधानी असतात. तो कधी येईल याचा नेम नसतो, बहुतेक वेळा माणसं गाढ झोपेत असतानाच येतो. आधी पाइपातून हवा सुटते, मग नळ खोकल्यासारखा करतो, मग गढूळ धार लागते. ज्याची मोटर आधी चालू झाली त्याची टाकी भरते. जो झोपून राहिला तो पुढचे दिवस टँकरच्या मागे घागर घेऊन पळतो. म्हणून गल्लीला एक जागं माणूस लागतं. हवेचा पहिला आवाज आला की अक्का पितळी ताट आणि लाटणं घेऊन बाहेर पडत आणि दारोदार वाजवत जात. सोबत तोंडही चालू असे. बिराजदारांच्या दारात, "बिराजदार, सपनातली टाकी भरली असंल तर आता खरी भरा." आमच्या दारात, "तम्मा, ऊठ. बायकोला उठवू नको, तूच ऊठ."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. अक्कांचं माहेर देवणीच्या पलीकडे, कर्नाटकाला लागून, त्यामुळे मायेचे आणि रागाचे त्यांचे शब्द कानडीत निघत. मी पन्नाशीला आलेला, बाजार समितीत लेखनिकी करणारा माणूस, पण त्यांच्यासाठी तम्माच राहिलो.

अक्का आता नाहीत. त्यांच्याबद्दल लिहायचं तर त्या ताटाबद्दल लिहावं लागतं, आणि ते ताट त्यांच्या हातात कुणी दिलं तेही. ते मी दिलं.

गोलाईच्या बाजारपेठेच्या मागच्या बाजूला त्यांचं पूजेच्या सामानाचं दुकान होतं. विभूतीच्या वड्या, रुद्राक्ष, कापूर, वाती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं. दुकान त्यांनी एकटीनं चालवलं. पहाटे उठणं, आंघोळ, गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजा, मग चहा, मग दुकान, दिवेलागणीला जेवण आणि लगेच झोप. इतकी वर्षं या क्रमात फरक पडला नव्हता. सकाळी त्यांच्या घरातून धुपाचा वास आला की माझी बायको सुनंदा दूध तापायला ठेवायची.

छातीतली गाठ त्यांची त्यांनाच सापडली. नांदेडला ऑपरेशन झालं, पुढची औषधं आणि किरणांचे शेकही तिथंच, भाचीच्या घरी राहून. परत आल्या तेव्हा डोक्यावर केस नव्हते आणि पदर कानामागं घट्ट खोवलेला होता. गल्लीतल्या बायका हळू आवाजात "त्यांचं ते" म्हणायच्या. अक्कांनी पहिल्याच आठवड्यात ते बंद केलं. "कॅन्सर म्हणा की. नाव घेतल्यानं अंगाला चिकटत न्हाई. आणि उगं माझ्याकडं बघत बसण्यापेक्षा स्वतःचं तपासून घ्या."

एका बाजूनं हलकं झाल्यामुळे चालताना तोल जातो म्हणून त्यांनी सुती कापडाची एक पिशवी शिवली, तिच्यात राळ्याचे दाणे भरले आणि ती पोलक्यात बसवली. हे मला सुनंदानं सांगितलं असतं तरी चाललं असतं. पण अक्कांनी दुकानात कापूर तोलता तोलता मलाच सांगितलं. मी खाली बघायला लागलो तर म्हणाल्या, "लाजतोस कामून? दुष्काळ पडला तर शिजवून खाता येतंय." दुसऱ्या एका दिवशी एका गिऱ्हाइकानं विभूतीची वडी हातात घेऊन विचारलं, अक्का, ही लावल्यानं दुखणं बरं होतं का? अक्का म्हणाल्या, "झालं असतं तर मी नांदेडला कशाला गेले असते? घे, मन तर बरं होतंय." गिऱ्हाईक दोन वड्या घेऊन गेलं.

पण त्या जिभेनं जेवढ्या धट्ट्याकट्ट्या वाटत तेवढ्या नव्हत्या. उपचार संपले, रिपोर्ट चांगले आले, आणि झोप गेली. दिवसा दुकानात गल्ल्यावर डोकं टेकवून त्या अशा झोपत की गिऱ्हाईक हाक मारून मारून थकावं, आणि रात्री टक्क जाग्या. सकाळी उठल्यावर अंग ठेचल्यासारखं, सांधे धरलेले. थकवा असा की वातीची पेटी उचलायलाही बसावं लागे. आम्हाला वाटलं, दुखण्याची धास्ती बसली असेल. एकदा सुनंदानं तसं विचारलंही. अक्का म्हणाल्या, "भीती न्हाई गं. भीती असती तर तिला समजावलं असतं. डोळेच मिटत न्हाईत."

ते त्यांचं जागेपण आम्ही बघितलं, आणि आम्हाला त्यात काय दिसलं? पाणी दिसलं.

त्या उन्हाळ्यात गल्लीनं सलग दोन वेळा पाणी चुकवलं होतं. भांडणं झाली. मी जरा चार माणसांत बोलणारा, शिवाय वॉलमन खाजाभाई माझ्या ओळखीचा. आमच्या भागाला पाणी सोडायचा वॉल तोच फिरवायचा. मी त्याच्याशी बोलून ठेवलं की वॉल फिरवायला निघालास की एक फोन कर. फोन कुणाला करायचा यावर प्रत्येकानं दुसऱ्याचं नाव पुढं केलं. तेव्हा अक्का ओट्यावर बसलेल्या होत्या. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "अक्का, तुम्ही तशाही जाग्याच असता."

त्या हसल्या. "हाव. तेवढाच उपयोग."

मला वाटलं, मी चांगलं केलं. आजारी माणसाला आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो असं वाटलं पाहिजे, असं मी घरी सुनंदाला सांगितलंही. गल्लीनंही मान दिला. संक्रांतीला पहिला तिळगूळ अक्कांना, लग्नाची पहिली पत्रिका अक्कांना. खाजाभाईचा फोन वाजो न वाजो, त्या उशाशी ताट घेऊन पडायच्या. त्यानंतरच्या सगळ्या काळात आमच्या गल्लीचं पाणी एकदाही चुकलं नाही. आसपासच्या गल्ल्यांतले लोक आमच्याकडे बघून जळत.

येळवशीची गोष्ट सांगितली पाहिजे. वेळ अमावस्येला आमच्याकडे सगळं गाव शेतात जेवायला जातं. त्या वर्षी गल्लीतली चार घरं माझ्या भावाच्या शेतात गेली होती, औशाच्या रस्त्याला. कडब्याच्या कोपीत पूजा झाली, भज्जी, उंडे, आंबील झालं. ऊन सुरेख होतं. अक्का कोपीच्या सावलीला कलंडल्या आणि बघता बघता घोरायला लागल्या. तोंड उघडं, पदर सरकलेला, विरळ उगवलेले पांढरे केस वाऱ्यानं हलत होते. इतकी गाढ झोपलेली बाई मी फार दिवसांत बघितली नव्हती. बिराजदारांना मस्करी सुचली. ते कोपीपाशी गेले, हाताचा भोंगा केला आणि म्हणाले, "अक्का, नळ आला."

अक्का ताडकन उठून बसल्या. डोळे उघडे होते, पण त्यांना काही दिसत नव्हतं. दोन्ही हातांनी त्या जमिनीवर ताट शोधत होत्या. कडबा चाचपला, ढेकळं चाचपली. आंबिलीचा पितळी पेला हाताला लागला, तो उचलून त्या दुसऱ्या हातानं त्यावर बडवायला लागल्या. आंबील अंगावर सांडली.

सगळे हसले. मीही हसलो. अक्कांना भान आलं तशा त्याही हसल्या, बिराजदारांना कानडीत एक शिवी दिली, पदर पुसला. पण त्यांचे हात थांबत नव्हते. सुनंदा जवळ जाऊन ते हात धरून बसली आणि तिथूनच तिनं माझ्याकडे बघितलं.

पुढच्या तपासणीला भाचीला यायला जमत नव्हतं, म्हणून अक्कांना नांदेडला मी घेऊन गेलो. खरं तर सुनंदानं पाठवलं. डॉक्टर तरुण बाई होत्या, घाईत नव्हत्या. गाठीचं काही नाही, पण रक्तात दाहाची, म्हणजे आतल्या सुजेची, खूण वाढलेली आहे आणि थकवा जात नाही, असं म्हणून त्यांनी झोपेचं विचारलं. अक्कांनी सांगितलं. मग डॉक्टरांनी कागद बाजूला ठेवले आणि समजावून सांगितलं. शरीरात एक घड्याळ असतं, त्याला किल्ली उजेडाची आणि अंधाराची. कॅन्सरच्या उपचारातून गेलेल्या कितीतरी जणांचं ते घड्याळ विस्कटतं. झोप तुटत राहिली की अंगातला दाह शमायला वाव मिळत नाही, आणि दाह असला की झोप आणखी तुटते. एकात एक अडकलेलं असतं.

अक्का विचार करून म्हणाल्या, "म्हंजे चूल विझली, पण राखंखाली निखारा ऱ्हायला. आणि कुणीतरी रोज फुंकर घालायलंय."

"बरोबर," डॉक्टर म्हणाल्या. "आणि रात्री तुम्हाला उठवतं कोण?"

मी शेजारच्या खुर्चीवर होतो. माझ्या मांडीवर अक्कांची औषधांची पिशवी होती. अक्कांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "पाणी उठवतंय," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा बोलता आलं असतं. मी पिशवीचा बंद नीट बांधत बसलो.

डॉक्टरांनी औषधासारखं लिहून दिलं. उजाडलं की उन्हात बसायचं, उठण्याची वेळ बदलायची नाही, दिवेलागणीला जेवण, रात्री पूर्ण अंधार, फोन बंद, आणि दिवसा झोपायचं नाही. "हे तर मी लग्नापासून करत होते," अक्का म्हणाल्या. "मग परत करा," डॉक्टर म्हणाल्या. अक्का पुढं गेल्यावर मी मागं राहिलो आणि विचारलं, हे सगळं रात्रीच्या जागरणामुळे झालं का? त्या म्हणाल्या, एका कारणावर बोट ठेवता येत नाही, दुखण्याचं आणि उपचारांचंही ओझं असतंच. "पण झोप परत देता आली तर द्या." एवढंच बोलून त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

गल्लीत मी सगळ्यांना ओट्यावर बोलावलं. म्हणालो, आता जागण्याची पाळी घरोघरी. बिराजदार म्हणाले, डॉक्टरीणबाईला लातूरला राहायला आणा, मग बघू ती अंधारात झोपते का. कुणी म्हणालं, अक्कांना एवढं होतं तर त्या बोलल्या का नाहीत. अक्का तिथंच होत्या. "बोलले असते तर मग मी कशाची अक्का?" त्या म्हणाल्या, आणि ते त्यांनी थट्टेत म्हटलं नव्हतं. मान सगळ्यांनी हलवली. पहिल्याच खेपेला ज्यांची पाळी होती ते झोपून राहिले आणि गल्ली कोरडी गेली. दोष पाळीवाल्यांवर गेला नाही. टँकरच्या रांगेत बायका म्हणाल्या, अक्का झोपल्या म्हणून पाणी गेलं. मी ते ऐकलं. अक्कांनीही ऐकलं असणार, कारण पुढच्या खेपेला ताट परत वाजलं.

मी रागावून त्यांच्या घरी गेलो. त्या अंगणात उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या, डॉक्टरांनी सांगितलं होतं तशा. खिडकीला त्यांनी जुन्या छत्रीचं काळं कापड ठोकलं होतं, रस्त्यावरचा दिवा आत येऊ नये म्हणून. फोन बंद करून पेटीत ठेवलेला होता. म्हणजे त्यांनी सगळं केलं होतं.

"फोन बंद केला, रे तम्मा," त्या म्हणाल्या. "कान कुठं बंद करू? नळ खोकला की उठतेय. लेकरू खोकल्यासारखं वाटतंय."

तेव्हा मला सुचलं. म्हणालो, नळच काढून टाकू. पाइपाला बूच मारू. माझ्या मोटरवरून एक नळी तुमच्या टाकीत टाकतो, तुमची टाकी आधी भरीन, मग माझी. अक्कांनी वळून दारातल्या नळाकडे बघितलं. लातुरात दारातला नळ बंद करून घेणं म्हणजे काय हे बाहेरच्याला कळणार नाही. नवरा गेल्यावर त्यांनी दिरांशी भांडून जी वस्तू मिळवली ती तो नळ होता. नळाची पावती त्यांच्या नावावर होती.

"आणि तू झोपलास तर?" त्यांनी विचारलं.

"नाही झोपणार."

"तुला ठाऊक न्हाई तू कसा झोपतोस. मी आजवर तुझं दार किती बडवलंय मला ठाऊक हाय." मग उठल्या, नळापाशी गेल्या, तोटीवरून हात फिरवला. "बोलव प्लंबर. सकाळचा बोलव. दिवसा झोपायचं न्हाई मला, बघत बसते."

ताट त्यांनी सुनंदाच्या हातात आणून दिलं.

पुढचे काही महिने मी जागलो. खाजाभाईचा फोन आता माझ्याकडे येई. फोन उशाशी ठेवून झोपलो तरी मधेच दचकून उठायचो, नळ खोकला असं वाटायचं. ऑफिसात डोळे जड व्हायचे, कुणी मोठ्यानं बोललं की चिडायचो. अक्कांनी हे एवढा काळ, तेही त्या शरीरानं कसं केलं असेल, हे तेव्हा कळायला लागलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. कारण एकदा मी झोपलोच. फोन वाजून वाजून थांबला आणि मला जाग आली ती सूर्य वर आल्यावर. गल्लीत आरडाओरड चालली होती. बिराजदार माझ्या दारात उभे राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलत होते. मी त्यांच्या बाजूनं निघून अक्कांकडे गेलो.

त्या नुकत्याच उठल्या होत्या. एका गालावर उशीच्या वळ्या उमटलेल्या होत्या. बाहेर गलका कशाचा, त्यांनी विचारलं. मी सांगितलं, नळ येऊन गेला, मी झोपलो, तुमची टाकी कोरडी आहे. मान खाली घालून उभा राहिलो.

"येऊन गेला?" अक्का म्हणाल्या. "गल्लीतून? एवढ्या जवळून?" आणि त्यांनी गालावर हात ठेवला. "मला कळलंच न्हाई रे."

त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज आलं की मला रडूच आलं. त्या दिवशी त्या घागर घेऊन टँकरला गेल्या आणि रांगेत सगळ्यांना सांगत राहिल्या की नळ आला होता म्हणे, मी झोपले होते.

त्या हिवाळ्यात त्या बऱ्या होत गेल्या. वातीची पेटी उचलायला लागल्या. पूजेची वेळ पूर्वीच्या जागेवर आली, धुपाचा वास आला की सुनंदा पुन्हा दूध ठेवायला लागली. तपासणीत दाहाची खूणही उतरली. मी मनातल्या मनात हिशेब मिटवून टाकला होता. पुढच्या पावसाळ्यात पाठ दुखायला लागली, आणि या वेळी दुखणं हाडात निघालं.

डॉक्टरांना मी परत तेच विचारलं. त्यांनी परत तेच सांगितलं, एका कारणावर बोट ठेवता येत नाही. मला वाटतं, त्या खरंच सांगत होत्या. त्यांनी हो म्हटलं असतं तर शिक्षा भोगल्यासारखं झालं असतं आणि नाही म्हटलं असतं तर सुटलो असतो. त्यांच्या उत्तरानं दोन्ही झालं नाही. अक्कांना मी हे कधी विचारलं नाही. एकदा विचारायला तोंड उघडलं तर त्याच म्हणाल्या, "तम्मा, तशाही जाग्याच असता, एवढंच तू बोललास. हाव मी म्हटलं होतं."

भाचीनं त्यांना नांदेडलाच राहायला बोलावलं. पोचवायला मी गेलो. सकाळच्या एसटीत त्यांना खिडकीपाशी बसवलं, उजेड तोंडावर येईल अशी बाजू त्यांनीच निवडली. राळ्याची पिशवी त्यांनी मांडीवरच ठेवली होती. आता पोलक्यात ती टोचायची. बस सुटायच्या आधी त्यांनी मला बजावलं. "दिवसा झोपायचं न्हाई. डोळा लागला की चिमटा काढ. लाजू नको."

मी बरं म्हणालो.

अहमदपूर मागं पडलं तेव्हा त्यांचं डोकं माझ्या खांद्याला लागलं. मी हात पुढं केला. त्यांचं मनगट माझ्या बोटांखाली होतं, कातडी सैल, चिमटा काढायला सोपी. डॉक्टरांनी सांगितलं होतं, अक्कांनी सांगितलं होतं, आणि आता नियम पाळून काय मिळणार होतं ते मला ठाऊक नव्हतं. हात तसाच ठेवून मी बसलो.

लोह्याला बस थांबली. दाराशी गर्दी झाली, आणि बाटल्यांचं खोकं डोक्यावर घेतलेला एक माणूस आत चढून आमच्या बाकापाशी येऊन खणखणीत आवाजात ओरडला, "पाणीऽ, पाणी आलं, पाणी."

मी अक्कांच्या हातांकडे बघितलं. येळवशीला कडब्यात ताट शोधणारे तेच हात. आता ते उठतील, चाचपायला लागतील, म्हणून मी ते धरायला तयार होतो. तो माणूस पुन्हा ओरडला. मी त्याला बोटानं गप्प राहायची खूण केली. तो माझ्याकडे विचित्र नजरेनं बघून पुढं सरकला.

हात हलले नाहीत. ते मांडीवर, राळ्याच्या पिशवीवर, उताणे पडून होते. अक्का मंद घोरत झोपल्या होत्या. बस सुरू झाली, आणि ऊन त्यांच्या तोंडावरून हळूहळू सरकत गेलं.